भागीरथाच्या पोटाची नस्ती

भागीरथाच्या पोटाची नस्ती मंगळवारी दुपारी उघडली गेली आणि बुधवारी सकाळी ती महाराजपुरच्या कॉलनीत फिरायलाही लागली. भागीरथा स्वतः तेव्हा घरातच होती, मुगाचं पाणी पीत.

नस्ती म्हणजे फाईल. जबलपुरातला साधा माणूस फाईलच म्हणतो, पण ज्याची उमर दफ्तरात गेली तो नस्ती म्हणतो, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतो, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. भागीरथाचा नवरा भैयालाल छत्तीस वर्षं एका सरकारी खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होता. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत त्याच्या टेबलावर विजेच्या बिलाहून गंभीर कागद आला नव्हता. त्यामुळे राइट टाउनमधल्या हॉस्पिटलातून सहा पानांचं सहमतिपत्र हातात पडलं तेव्हा बायकोच्या ऑपरेशनची काळजी आणि कागद मिळाल्याचा आनंद, अशा दोन गोष्टी त्याच्या चेहऱ्यावर एकदमच आल्या आणि जागेसाठी भांडायला लागल्या.

ऑपरेशन वजन कमी करायचं होतं. नाव स्लीव गॅस्ट्रेक्टॉमी. करणारे सर्जन दोन महिन्यांतून एकदा नागपूरहून यायचे. तारीख सोमवारची मिळाली होती. सहमतिपत्र दोघांच्या सह्या करून शुक्रवारी सकाळी दहाच्या आत पोचवायचं, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला. इतकं सोपं काम. पण सहाव्या पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ होती, की वरचं सगळं मी वाचलं आहे आणि मला ते पूर्ण समजलं आहे.

"हे खोटं आहे," भैयालाल म्हणाला.

"काय खोटं?"

"मले समजलं नाही. न समजता मी सही करत नाही. छत्तीस वर्षांत नाही केली."

"अवो, कापून राहिले ते मले. तुमाले थोडंच कापून राहिले?"

"म्हणूनच," भैयालाल म्हणाला, आणि लाल पेन आणि पट्टी घेऊन बसला.

संध्याकाळपर्यंत एकतीस शब्दांखाली रेघा आल्या. मॉर्बिड ओबेसिटी, कोमॉर्बिडिटी, लॅप्रोस्कोपी, लीक टेस्ट, घ्रेलिन, डम्पिंग सिंड्रोम. यादी वाचताना भागीरथाला वाटलं की ही आपल्या पोटातली नावं नसून दुसऱ्या कोणत्या तरी देशातल्या स्टेशनांची नावं आहेत आणि आपली गाडी या सगळ्या स्टेशनांवर थांबणार आहे. मुलगी हर्षा शाळेत शिकवून घरी आली, तिनं यादी पाहिली आणि म्हणाली, "पापा, गूगल कर लो ना. दो मिनिट लगेंगे."

"गूगल खाली सही करते का?"

"नहीं करता."

"मग जो सही करत नाही त्याचं कायले आयकायचं?"

हर्षाला मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की ती हिंदीच्या पाटावर बसते. ती आईकडं बघून हसली आणि आत गेली. भैयालालनं कपाटातून हिरव्या नोटशीटची गड्डी काढली. ही गड्डी त्यानं रिटायरमेंटच्या दिवशी दफ्तरातून आणली होती, आठवण म्हणून. आठवण म्हणून, हे तो न विचारता दोनदा सांगतो. सहमतिपत्राची मूळ प्रत खाली, तिच्यावर नोटशीट, पुठ्ठा, वरून लाल फीत. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात विषय : श्रीमती भागीरथा यांचे पोट.

आता भागीरथाला हे ऑपरेशन काहून पाहिजे होतं, हेही सांगितलं पाहिजे. कागदावर शुगर लिहिली होती, बीपी लिहिलं होतं, गुडघे लिहिले होते. सगळं खरंच होतं. पण खरं कारण एक खुर्ची होती.

विहारात सगळे सतरंजीवर बसतात. भागीरथाला खाली बसता येईना म्हणून सहा वर्षांपासून तिची खुर्ची मागं, चपलांच्या रॅकजवळ. वंदनेच्या शेवटी सगळे गुडघे टेकून पंचांग प्रणाम करायचे, आणि ही खुर्चीवरून नुसती मान वाकवायची, बसमध्ये बसलेला माणूस खिडकीतून ओळखीच्याला मान हलवतो तशी. गेल्या आषाढ पौर्णिमेला भर गाथेत त्या प्लास्टिकच्या खुर्चीनं चारही पाय हळूहळू पसरले. भागीरथा पडली नाही. ती उतरली, एखादी लिफ्ट उतरते तशी, हात जोडलेल्या स्थितीत. भंतेजी क्षणभर थांबले आणि मग पुढं म्हणू लागले. कोणी हसलं नाही. पुढच्या रविवारी मात्र पोरांनी तिच्यासाठी एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, न बोलता. ते लागलं. त्या दिवशी तिनं ठरवलं की येत्या आषाढ पौर्णिमेला आपण पुढच्या ओळीत, खाली, सतरंजीवर. सोमवारची तारीख गेली तर पुढची तारीख आषाढानंतरची होती.

शिवाय दुसरी एक गोष्ट. ऑपरेशनआधी लिव्हर आक्रसावं म्हणून पंधरा दिवस फक्त पातळ खायचं असतं. मंगळवारी दहावा दिवस होता. मुगाचं पाणी, ताक, आणि एक पावडर, जिच्या डब्यावर व्हॅनिला लिहिलं होतं आणि चव भिंतीच्या चुन्याची होती. तारीख गेली तर हे पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून. भागीरथा दुसऱ्यांदा चाकूखाली जाईल, दुसऱ्यांदा त्या डब्याकडं जाणार नाही.

बुधवारी सकाळी नस्ती निघाली. कॉलनी सगळी रिटायर लोकांची. पहिल्यांदा ती गेली रामरावांकडं. रामराव पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले, म्हणून 'लीक टेस्ट' हा त्यांचा विषय. रामरावांनी दार उघडलं, लाल फीत पाहिली, आणि भैयालाल सांगतो की त्यांचे डोळे भरून आले. "कितने साल बाद!" एवढंच म्हणाले, चष्मा आणायला आत गेले आणि बनियनवर शर्ट घालून आले. नस्ती काय बनियनवर वाचतात?

दुपारपर्यंत रामरावांनी टीप लिहून नस्ती सत्यवतीकडं मार्क केली. सत्यवती ब्लाउज शिवते, म्हणून 'स्लीव'. तिथून ती शशिकांतकडं गेली. शशिकांत आयुष्यभर कागदांवर आपत्ति, म्हणजे हरकत, काढण्याच्या कामावर होते आणि घरी बायकोच्या सामानाच्या यादीवरही काढत. एक गुडघा कायम धरलेला, पण कागद आला की तरणे व्हायचे. शशिकांतकडून नस्ती गेली भय्यासाहेबांकडं. भय्यासाहेब कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. नोकरीत ते सगळ्यांत वरच्या खुर्चीवरून उतरले होते, म्हणून कॉलनीतला कोणताही कागद शेवटी त्यांच्याकडंच जायचा आणि तिथं बसून राहायचा.

भागीरथाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटत होतं नवरा आतल्या खोलीत अभ्यास करतो आहे. गुरुवारी साडेचारच्या सुमारास ती भाजीच्या ठेल्यावर दुधी बघत होती, तर कोपऱ्यावरच्या घरातली दीदी जवळ आली आणि तिच्या हाताला हात लावून मायेनं म्हणाली, "भाभी, एक सौ बारह? लगती नहीं हो. हम तो पंचानबे समझते थे."

ठेलेवाल्यानं भागीरथाकडं पाहिलं. मग स्वतःच्या तराजूकडं पाहिलं. माणूस सभ्य होता, कांदे तोलायला लागला.

एकशे बारा हा आकडा जगात भागीरथा, हॉस्पिटलची नर्स आणि दुसरं पान, एवढ्यांनाच ठाऊक होता. नर्सलाही तिनं तो कानात सांगायला लावला होता. भागीरथा अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत होती. हजारो पोरांची वजनं तिनं केली, चार्टवर भरली. कमी वजनाच्या पोराला पिवळा रंग, फार कमी असेल तर लाल. जास्त वजनाला तिच्या चार्टात रंगच नव्हता. त्या काट्यासमोर तिनं बाकीच्या जगाला उभं केलं आणि स्वतः मात्र फक्त सराफ्यातल्या काट्याकडं बघायची, कारण तिथं दागिना तोलतात, घालणारीला नाही.

ती दुधी तिथंच ठेवून घरी आली.

"माझं पोट तुम्ही कॉलनीत फिरवून राहिले?"

"वर गोपनीय लिहिलं होतं," भैयालाल म्हणाला.

"गोपनीय लिहिलं म्हणूनच तर साऱ्यांनी वाचलं! आणा ती नस्ती. उद्या दहा वाजता द्यायची आहे."

 भैयालाल कपाटाकडं बघत होता, आणि कपाट रिकामं होतं. "चलनात आहे," तो हळूच म्हणाला.

"मूळ कागद?"

"मूळ कागदासोबतच नस्ती जाते. नियम आहे."

भागीरथानं चप्पल घातली. बाहेर मे महिना होता, पाच वाजले तरी रस्ता तव्यासारखा. तिचे गुडघे एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत दोनदा थांबायचे. पण माणसाचा अपमान झाला की गुडघ्यांचं कोण आयकतं?

रामरावांकडं पोहे झालेले होते, वर खोव्याची जलेबी. बारा दिवस मुगाचं पाणी प्यालेल्या बाईसमोर कोणी खोव्याची जलेबी आणून ठेवू नये, असा कायदा पाहिजे. भागीरथा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसली.

"नस्ती सत्यवतीबाईकडं मार्क केली," रामराव म्हणाले. "पण ताई, लीक टेस्टचं घाबरू नका तुमी. नवी लाइन टाकली की आपण पाणी लगेच सोडतो का? नाही. आधी दोन्ही तोंडं बंद करायची, पाणी भरायचं, दाब द्यायचा आणि एकेक जोड पाहायचा. तुमचे डॉक्टर रंगाचं पाणी भरतात, आम्ही साधं भरत होतो. बाकी काम तेच. पोट शिवलं की ते आधी पाहतील कुठं गळून तर नाही राहिलं, मगच तुमाले उठवतील."

भागीरथानं कॅलेंडरवरून तोंड फिरवलं. डॉक्टरनं हे तिला दोन वेळा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तिनं मान हलवली होती. समजलं आत्ता.

सत्यवतीकडं नस्ती नव्हती. सत्यवतीनं मात्र अस्तराचा एक तुकडा घेतला, दुमडून थैलीसारखा केला, खडूनं एक वाकडी रेघ मारली. "हे तुमचं पोट, भागीरथाताई. रेघेच्या ह्या बाजूचं राहते, बाहीसारखं लांबट. त्या बाजूचं काढतात. चारातले तीन हिस्से."

"काढलेलं मग?"

"फेकतात."

"पुढं कधी वाटलं तर जोडता येते?"

सत्यवतीनं कैची खाली ठेवली. "नाही ना, ताई. कटिंग झालं की झालं. म्हणून तर मी कैची चालवायच्या आधी दोनदा पुसते गिऱ्हाइकाला." आणि मग तिनं विचारलं, "तुमाले कोणी पुसलं का दोनदा?"

भागीरथाला एकदम आठवेना. सगळ्यांनी तिच्या पोटाचं विचारलं होतं.

शशिकांतच्या घराला कुलूप. भय्यासाहेबांच्या घराला कुलूप. कॉलनीच्या हॉलमध्ये मात्र दिवे, पंखे आणि बाहेर पंधरा जोड्या चपला. फळ्यावर खडूनं सभेचे विषय लिहिले होते. एक, पाण्याच्या टाकीची सफाई. दोन, श्रीमती भागीरथा यांचे पोट. तीन, भटके कुत्रे.

भागीरथा दारात पोचली तेव्हा टाकी उरकली होती. शशिकांत एक हात गुडघ्यावर ठेवून उभे होते. "मुद्दा घ्रेलिनचा आहे. भूक आणणारं द्रव्य. ते पोटाच्या ज्या भागात बनते तोच भाग हे लोक काढून राहिले. म्हणजे भागीरथाताईले भूक कमी लागणार. आता विहारातल्या भोजनदानाचा स्वयंपाक याच करतात. जिले भूकच नाही, तिले दोनशे माणसाच्या वरणातलं मीठ कसं समजणार? ही माझी आपत्ति आहे, आणि ती नोंदवली जावी."

"नोंदवा," भय्यासाहेब म्हणाले.

"मीठ मी चाखून नाही टाकत, शशिकांतजी," भागीरथा दारातून म्हणाली. "हातानं टाकते. हात नाही कापून राहिले."

सगळी सभा उभी राहिली. कोणी तरी तिच्यासाठी खुर्ची आणली, मग विचार करून दुसरी आणायला गेलं. भागीरथानं दोन्हींकडं पाहिलं नाही. ती सरळ टेबलापाशी गेली आणि नस्ती उचलली. मंगळवारी सहा पानांची होती. आता चाळीस पानांची होती. ज्या बाईचं वजन कमी करायचं तिच्या कागदाचं वजन तीन दिवसांत जवळपास सातपट झालं होतं. भैयालाल तिच्या मागोमाग धापा टाकत आला आणि दारातच थांबला.

तिनं नस्ती उघडली. एकतीस शब्द, एकतीस टिपा, बाणांच्या आकृत्या, रामरावांनी काढलेला पाइपाचा नकाशा. आणि मग शेवटी एक वेगळं हिरवं पान, भैयालालच्या अक्षरात. अनुक्रमांक बत्तीस. हा शब्द यादीत नव्हता.

"पान पाच, ओळ अकरा. मृत्यूची शक्यता हजारात एक, असे नमूद आहे. तो एक कोण, याचा खुलासा व्हावा."

खाली क्रमानं टिपा होत्या. रामराव : हा विषय आमच्या खात्याच्या कक्षेबाहेर. सत्यवती : भाऊजी, चहा पिऊन जा. शशिकांत : या संदर्भात नियम उपलब्ध नाही. भय्यासाहेब : चर्चा करा.

म्हणजे सभा यासाठी होती. कुत्र्यांच्या आधी आणि टाकीच्या नंतर, पंधरा रिटायर माणसं भैयालालच्या एका प्रश्नासाठी शर्ट घालून आली होती, आणि उत्तर कोणाजवळ नव्हतं म्हणून मिठावर बोलून राहिली होती.

भागीरथानं दाराकडं पाहिलं. भैयालाल चौकटीला धरून उभा होता. छत्तीस वर्षं ज्याच्या हातातून एक कागद हरवला नाही, तो माणूस एक बाई हरवेल म्हणून घाबरला होता, आणि त्याला घाबरायचंही नोटशीटशिवाय येत नव्हतं.

"पेन द्या," ती म्हणाली. चार पेनं पुढं आली.

ती उभ्यानंच लिहायला लागली, अंगणवाडीच्या रजिस्टरातल्या गोल अक्षरात.  लिहून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचलंही, कारण सभेत आलेल्या कागदाचं वाचन होतं.

"खुलासा सादर. तो एक कोण, हे डॉक्टरलाही माहीत नाही. मी अठ्ठावीस वर्षे पोरं तोलली. पोराला काट्यात ठेवते तेव्हा आईचा हात त्याच्या अंगावरून निघत नाही, आणि हात निघाल्याशिवाय काटा खरा आकडा दाखवत नाही. आईला सांगावं लागते, बाई, हात काढ, मी उभी आहे. सबब, हात काढावा. मले खाली बसायचं आहे. मंजूर."

खाली तिनं सही केली, तारीख टाकली, मग फीत सोडून सहमतिपत्राचं सहावं पान काढलं आणि त्यावरही केली. पान भैयालालपुढं धरलं.

"समजलं?"

"नाही," भैयालाल म्हणाला.

"मलेही पुरं नाही समजलं. करा."

भैयालालनं पान टेबलावर ठेवलं, एकदा सरळ केलं, पुन्हा सरळ केलं, आणि छत्तीस अधिक चार वर्षांत पहिल्यांदा न समजलेल्या कागदावर सही केली. रामराव चष्मा पुसायला लागले. भय्यासाहेब फळ्याकडं बघून म्हणाले, "चलो, विषय क्रमांक तीन. कुत्रे."

शुक्रवारी पावणेदहाला दोघं ऑटोनं राइट टाउनला पोचले. भैयालालनं नस्ती मांडीवर धरली होती, नवजात पोर धरावं तशी. काउंटरवरच्या मनीषानं फीत सोडली, चाळीस पानं बघितली, पाइपाचा नकाशा उलटा करून बघितला आणि सहावं पान तेवढं काढून घेतलं. "अंकलजी, बस यही चाहिए था. बाकी पाँच पेज तो घर पे रखने के लिए थे, पढ़ने के लिए." तिनं ठप्पा मारला. "कुछ समझ में नहीं आया हो तो हमसे पूछ लेना था ना, अंकल. हम तो यहीं बैठते हैं."

"हो," भैयालाल म्हणाला. त्याला एक विचारायचं होतं, पण ते त्यानं विचारलं नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. भागीरथा त्या हजारातली एक निघाली नाही, नऊशे नव्व्याण्णवांतली निघाली. जागी झाल्यावर तिनं पहिली चौकशी केली ती लीक टेस्टची, इतक्या बारकाईनं, की सर्जननी विचारलं, "आप मेडिकल लाइन से हैं?" ती म्हणाली, "पाणीपुरवठा."

आषाढ पौर्णिमेपर्यंत बावीस किलो उतरले. विहारात ती पुढच्या ओळीत गेली, एक गुडघा टेकवला, मग दुसरा, आणि सतरंजीवर बसली. बसताना कोणी तिच्याकडं पाहिलं नाही. सगळी कॉलनी इतक्या निकरानं भिंतीकडं बघत होती की भंतेजींनीही एकदा वळून भिंत पाहिली. शेवटी तिनं कपाळ टेकवलं. बराच वेळ ते तसंच राहू दिलं. उठताना हर्षा आणि सत्यवती दोघी लागल्या, पण सहमतिपत्रात उठण्याबद्दल काही लिहिलंच नव्हतं.

प्रवचन सुरू झालं तसं मागून तिच्या खांद्याला काही तरी लागलं. एक पुठ्ठा हातोहात ओळींमधून पुढं सरकत आला होता. लाल फीत. विषय : श्री. शशिकांत यांचा उजवा गुडघा. प्रति, श्रीमती भागीरथा, अभिप्रायार्थ. तिनं वळून पाहिलं. मागं, चपलांच्या रॅकजवळ, एकात एक घातलेल्या त्या दोन खुर्च्यांवर शशिकांत बसले होते आणि अगदी लक्ष देऊन प्रवचन ऐकत होते.

भागीरथानं फीत सोडली. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या सहमतिपत्रातले शब्द होते, कठीण होते, रेघा मारलेले होते. तिनं ते सोडले आणि आकडा शोधला, हजारात किती तो. चौथ्या पानावर होता. रेघ नव्हती, पण बाजूला पेन्सिलीचा एक टिंब होता, इतका बारीक की कोणाला दिसू नये.

तिनं हर्षाच्या पर्समधून पेन घेतलं आणि टिंबाशेजारी गोल अक्षरात लिहिलं : चर्चा करू. चहाले या.